वाचनालयाची खिडकी आणि शेवटची बांधी

फाल्गुन सरत आला की आमच्या घरच्या धानाच्या कोठीत हात घातला तर बोटं तळाला लागायची. माय मग उजाडायच्या आधी टोपली घेऊन रानाच्या कडेला जायची आणि मोहफुलं वेचून आणायची. ती उकडायची, त्यात मूठभर लाखोरीची डाळ घालायची, आणि आम्ही सगळे तेच खायचो. सकाळी तेच, संध्याकाळीही तेच. मोहाचा वास गोड असतो म्हणतात. असतोच. पण तो वास ज्यानं महिनाभर जेवण म्हणून घेतला आहे त्याला त्यात गोडीच्या मागची भूकही कळते. मी हे सांगायला लाजत नाही. लाजण्यासारखं त्यात आम्ही काही केलं नव्हतं.

सौंदडच्या पुढे, रेल्वेच्या छोट्या लाइनीपासून दोन कोस आत आमचं गाव. गावाला तळं आणि तळ्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, एकीला लागून एक, उतरत गेलेल्या. माझा बा त्या तळ्याचं पाणी सोडायचा. तळ्याच्या पोटात दगडी तुडूम असतं. त्याची बुचं काढली की पाणी पाटात येतं. आश्विनात पावसानं पाठ फिरवली की धान गाभ्यात असतं आणि साऱ्या गावाचे डोळे त्या बुचांवर. बा सर्वांत खालच्या, शेवटच्या बांधीपासून पाणी द्यायला सुरुवात करायचा. वरच्यांनी आधी घेतलं तर खालपर्यंत पाणी पोचतच नाही, आणि खालच्याला आधी दिलं तर जाताजाता वरच्याचीही माती भिजते. हे गावाला पटलेलं होतं. याच्या जोडीला आणखी एक रीत होती, आणि ती आम्हाला महाग पडली होती. जो पाणी सोडतो त्याची बांधी सगळ्यांच्या नंतर. मग ती कुठेही असो.

एका वर्षी आमची पाळी यायच्या आधीच तुडूम कोरडं पडलं. गावाचं धान पिकलं, आमचं पोचट गेलं. मायनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. ओट्यावर बसून ती एवढंच म्हणाली, "साऱ्या गावाचं पानी तुमच्या हाती, आन् आपलीच बांधी सुकली. काऊन जी? लेकरं कोनाची आहेत?"

बा पायाचा चिखल खरवडत होता. खरवडता खरवडताच म्हणाला. "पानी मी सोडतो. मीच पयले घेतलं त उद्या कोन माह्यावर भरोसा ठेवन?"

मायला ते उत्तर पुरलं नाही. मलाही पुरलं नव्हतं. मी तेव्हा चौथीत होतो आणि मनात म्हणालो होतो, मी मोठा झालो की असलं काही करणार नाही.

आता मी मुर्रीला राहतो आणि गोंदियाच्या एका शाळेत शिकवतो. परवा सकाळी शाळेला निघालो तर एक बाई डोक्यावर मोहाची टोपली घेऊन बाजाराकडे चालली होती. वास आला आणि माझी पावलं आपोआप हळू झाली. शाळेत मॅट्रिकची पोरं ओसरीवर पुस्तकं घेऊन बसली होती. कोणी डोळे मिटून पाठ करत होतं, कोणी दुसऱ्याच्या पुस्तकात डोकावत होतं. झाडाला फुलं आणि पोरांना परीक्षा, दोन्ही आमच्याकडे एकाच महिन्यात येतात. संध्याकाळी परतताना बाजारात त्या बाईला कोणी हिंदीत भाव विचारत होतं, ती झाडीबोलीत उत्तर देत होती, आणि मी मात्र मनानं नागपुरात होतो, लढाईच्या दिवसांत, एका जाळीच्या खिडकीसमोर हातात चिठ्ठी घेऊन उभा.

कॉलेजचं ग्रंथालय पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारात मी वहाणा काढल्या होत्या. आत लांबच लांब टेबलं, भिंतीवर घड्याळ, खळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि इतकी शांतता की स्वतःचा श्वास चोरून घ्यावासा वाटे. पुस्तकं मात्र आमच्यापैकी कोणाला दिसत नसत. ती पलीकडच्या खोल्यांत. मधे जाळीची खिडकी. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून खिडकीतून आत सरकवायची, आतला चपराशी पुस्तक आणून देणार, ते तिथंच बसून वाचायचं आणि पाचला परत करायचं.

मी मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदाराच्या गावातला. मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर अर्ज करायचा, हे मला ठाऊक. तेव्हा त्या एवढ्याशा चिठ्ठीवर मी बारीक अक्षरात लिहिलं: मेहेरबान ग्रंथपालसाहेब यांचे चरणी, अर्जदार अमुक, बापाचं नाव अमुक, मौजे अमुक, तहसील साकोली, अर्ज करतो की इतिहासाचं पुस्तक कृपा करून मिळावं. चिठ्ठी पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. मग ती खिडकीच्या फळीवर ठेवून चार पावलं मागे सरलो आणि हात बांधून उभा राहिलो, कारण साहेबांनी हाक मारल्याशिवाय पुढे जायचं नसतं. मागच्या मुलांनी ते वाचलं. वसंत नावाचा एक वकिलाचा मुलगा आमच्या वर्गात होता. त्यानं ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. शांततेचा बोर्ड होता तरी सगळी खोली हसली.

खिडकीतला चपराशी मात्र हसला नाही. सुखरू त्याचं नाव, आमगावकडचा माणूस, छत्तीसगढी बोलणारा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कपाटातलं प्रत्येक पुस्तक तो पाठीच्या रंगावरून आणि जाडीवरून ओळखायचा. त्यानं खुणेनं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "बाबू, इहाँ अर्जी नइ चलय. किताब के नाव लिख, अपन नाव लिख, बस."

ते 'बस' मला अजून ऐकू येतं. स्वतःचं नाव लिहिलं की पुरे, कोणाचे चरण लागत नाहीत, हे मला कॉलेजात प्रोफेसरांच्या आधी एका चपराशानं शिकवलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी एकदा नापास झालो. एकाच पेपरात, हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाच्या. या पेपराला एकच पुस्तक लागायचं, लाल कातडी पाठीचं, विटेएवढं जाड. लढाईमुळे विलायतेहून नव्या प्रती येणं बंद. ग्रंथालयात एक प्रत, आणि वर्गात ती हवी असणारे आम्ही अकरा जण. अकराला खिडकी उघडायची. जो आधी चिठ्ठी देईल त्याला पुस्तक. वसंत आणि त्याचे दोस्त कॉलेजच्या शेजारच्या गल्लीत राहायचे. ते पावणेअकरालाच खिडकीशी असायचे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरी मुलांना शिकवून तिथंच जेवायचो, आणि तिथून उन्हात चालत येईपर्यंत साडेअकरा वाजत. सुखरू चिठ्ठी घ्यायचा, मान हलवायचा आणि खिळ्यासारख्या एका तारेत ती टोचून ठेवायचा. वर्षभर मी त्या लाल पुस्तकाची पाठ फक्त दुसऱ्याच्या कोपराखाली पाहिली.

नापास झाल्यावर गावी गेलो. चार दिवसांनी तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालताना बा म्हणाला की आणखी एक वर्ष जा, त्याच्यापुढे माझ्यानं होणार नाही. त्याच्या गुडघ्यांनी जवाब द्यायला सुरुवात केली होती, आणि धाकट्या बहिणीचं लग्न थांबलेलं होतं. म्हणजे एकच वर्ष. आणि ते एक वर्ष त्या एका पुस्तकावर येऊन थांबलं होतं.

वसंत आदल्या वर्षी आजारपणामुळे परीक्षेला बसलाच नव्हता, तेव्हा तोही पुन्हा त्याच वर्गात होता, आणि पुस्तक मागणारे या वर्षीही अकराच होते. त्याच वर्षी कॉलेजात नवे ग्रंथपाल आले. खेडकर त्यांचं नाव. उंच, वाकलेले, बंद गळ्याचा कोट, बोलणं तुटक. आल्यावर महिनाभर त्यांनी काहीच केलं नाही, नुसते टेबलांमधून फिरत राहिले. मग एके दिवशी दाराजवळच्या स्टुलावर एक जाड वही दिसली, दोरीनं पेन्सिल बांधलेली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात प्रश्न: ग्रंथालयाच्या व्यवस्थेबद्दल विद्यार्थ्यांचे समाधान आहे काय? नसल्यास कारण लिहावे.

आज शाळेत मी पोरांना सहज विचारतो, समजलं का, जमतंय का. तेव्हा तो प्रश्न वाचून मी स्टुलापाशी खिळून उभा राहिलो होतो. समाधान ही विचारायची गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात माणसं समाधानी असत किंवा नसत. कोणी विचारत नसे. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात जे मिळेल ते घ्यायचं आणि नमस्कार करून निघायचं. आणि इथं एक साहेब पेन्सिल बांधून ठेवतो आणि म्हणतो, कारण लिहा.

पोरांनी लिहिलं. झकास इंग्रजीत लिहिलं. पंखे मंद फिरतात. पिण्याच्या पाण्याच्या माठाला झाकण नाही. चित्रांची मासिकं उशिरा येतात. एकानं लिहिलं की व्यवस्था उत्तम असून ग्रंथपालांच्या बुटांचा करकर आवाज तेवढा थांबवावा. वसंतनं फक्त एक शब्द लिहिला, 'समाधान आहे' या अर्थाचा, आणि खाली झोकदार सही. त्याचं खरंच होतं. त्याला पुस्तक मिळत होतं.

मी तीन दिवस त्या वहीभोवती घुटमळलो. इंग्रजीत लिहायचं तर चूक होईल, मराठीत लिहायचं तर हसतील. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा बसलो आणि लिहिलं, मराठीत, दोन पानं. मी आमच्या तळ्याबद्दल लिहिलं. लिहिलं की पाणी थोडं असतं तेव्हा जो तुडुमाच्या जवळ त्यानं आधी घ्यायचं असं आमच्या गावात चालत नाही. चाललं असतं तर निम्मं गाव उठून गेलं असतं. आमच्याकडे शेवटच्या बांधीपासून पाणी सुटतं. या ग्रंथालयात पुस्तक एक आणि मागणारे अकरा; आणि खिडकीच्या जवळ जो राहतो तो वर्षभर वाचतो, लांबचा वर्षभर चिठ्ठ्या देतो. पाळी लावली तर सगळ्यांना पुरेल. खाली नाव लिहिलं. नुसतं नाव. चरण वगैरे काही नाही.

दोन दिवसांनी सुखरूनं मला आत बोलावलं. जाळीच्या पलीकडे मी पहिल्यांदा गेलो. पुस्तकांच्या भिंती, त्यांच्या मधून अंधुक बोळ, आणि बोळाच्या शेवटी खेडकरसाहेबांचं टेबल. वही त्यांच्या समोर उघडी होती. मला वाटलं, झालं, आता नाव कमी करतात.

"मिस्टर कापगते," ते म्हणाले, "पाणी एकदा दिलं की मातीत जिरतं. पुस्तक परत येतं. तुमचा दृष्टान्त लंगडा आहे."

मी वहीतल्या माझ्या पानाकडे बघितलं. मग म्हणालो. "परत येतं, म्हणूनच तर सोपं आहे, साहेब. आमच्या तळ्याचं पाणी परत येत असतं, तर माझ्या बापाला काही कामच उरलं नसतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हसले असावेत, त्यांच्या मिशांमुळे नक्की कळत नसे. मग त्यांनी विचारलं की शेवटची बांधी कोणती हे तळ्याखाली डोळ्यांना दिसतं, इथं कसं ठरवायचं? कोण लांबचा, कोण गरजू, जो तो स्वतःलाच म्हणेल.  उत्तर सुखरूनं दिलं. तो बाहेर गेला आणि ती तार घेऊन आला, परत गेलेल्या चिठ्ठ्या टोचलेली. वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या. त्यानं एकही फेकली नव्हती. का, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाला की कागदावर माणसाचं नाव असतं, ते चुलीत कसं घालू.

टेबलावर चिठ्ठ्या नावागणिक लावल्या. माझा गठ्ठा सर्वांत जाड निघाला. वसंतच्या नावाच्या दोनच. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त परत गेल्या तो शेवटच्या बांधीचा, इतकं ते सोपं झालं. साहेबांनी त्याच हिशेबानं अकरा नावं लिहिली, प्रत्येकाला दोन दिवस, आणि पहिलं नाव माझं. मग म्हणाले की यादी मीच सांभाळायची, रोज मी आल्यावर पुस्तक ज्याच्या पाळीचं त्याच्या हाती द्यायचं आणि पाचला परत घ्यायचं. कारण कल्पना माझी आहे, भांडणंही मीच ऐकावीत.

मी बाहेर आलो आणि वाचनाच्या खोलीत जाऊन बसलो. यादी समोर. बाहेर निंबाची पानं उन्हात झडत होती. पहिलं नाव माझं. उद्यापासूनच लाल पुस्तक माझं. आणि मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. लहानपणी मनात म्हटलं होतं की मी असलं काही करणार नाही, ते आठवत होतं. पोचट धानाची वर्षं आठवत होती, मायचा आवाज आठवत होता. पण आता बूच माझ्या हातात आलं होतं, आणि हातात आल्यावर गोष्ट वेगळी दिसते. उद्या पुस्तक आधी मीच घेतलं तर वसंत म्हणेल, यानं आपल्यासाठीच हे सगळं रचलं. आणि त्याचं म्हणणं कोणाला खोडता येणार नाही. दोन दिवसांत यादी फाटेल. मी माझं नाव खोडलं आणि सर्वांत खाली लिहिलं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी यादी पाहून विचारलं, तेव्हा मी एवढंच सांगितलं की आमच्याकडे असंच असतं. त्यांनी बोटावर दिवस मोजले. रविवार धरून माझी पाळी पेपराच्या नऊ दिवस आधी येत होती. "नऊ दिवस आणि त्यातले दोन पुस्तकाचे," ते म्हणाले. "विचार केलात?" मी हो म्हणालो. खरं तर केला नव्हता. केला असता तर धीर झाला नसता.

मग पाळ्या सुरू झाल्या. तो महिना मला वासांनी आठवतो. सकाळी पुस्तक खिडकीतून हातात यायचं तेव्हा त्याला कपाटातल्या गारव्याचा वास असे, आणि संध्याकाळी परत यायचं तेव्हा ज्यानं वाचलं त्याचा. कोणाच्या हाताचं खोबरेल, कोणाची विडी. एकदा पानांमधून संत्र्याची बी निघाली आणि त्या पानावर पिवळा डाग. खिडकीपासून टेबलापर्यंत बावीस पावलं होती. तेवढ्या चालण्यात मी पुस्तक उघडून अनुक्रमणिका वाचायचो. रोज एक ओळ, परतताना दुसरी. पंधरा दिवसांत मला प्रकरणांची नावं पाठ झाली, जशी बाजाराला न जाणाऱ्याला रस्त्यातल्या गावांची नावं पाठ असावीत.

पोरांनी मला 'तळ्याचा साहेब' असं नाव ठेवलं. कोणी विचारायचं की आज पाट कुठवर आला. मी हसायचो. पण एक गोष्ट हळूहळू बदलत होती. ज्यांनी वर्षभर ते पुस्तक पाहिलं नव्हतं, ते आपल्या दोन दिवसांत मान वर करत नव्हते. पवनीचा एक मुलगा, कधी कोणाशी न बोलणारा, पाचला पुस्तक परत देताना म्हणाला की आज पहिल्यांदा वाटलं आपण इथं शिकायला आलो आहोत. त्या वहीत असं काही कोणी लिहिलं नाही. समाधान झालं की माणूस लिहीत नाही, घरी जातो.

वसंतची पाळी दहावी, म्हणजे माझ्या आधीची. दुसऱ्या दिवशी पाचला मी पुस्तक घ्यायला गेलो तर त्यानं त्यावर हात ठेवला.

"आणखी दोन दिवस दे."

"तुझे दोन झाले."

"तू तर शेवटचा आहेस. स्वतःसाठीच नाही म्हणतोस ना?"

याचीच मला भीती होती. दुसऱ्या कोणासाठी नाही म्हणणं सोपं, स्वतःसाठी म्हणताना जीभ जड होते. माझ्या बापानं मालगुजाराच्या नातेवाइकाला पाण्यासाठी नाही म्हटलेलं मी पाहिलं होतं. नजर खाली, आवाज हळू, पण शब्द तोच. मी तसंच म्हणालो. "यादीत जितकं आहे तितकंच, वसंत. सर्वांना तितकंच दिलं. मलाही तितकंच घेऊ दे."

 आजूबाजूची चार-पाच डोकी वर झाली होती. कोणी हसलं नाही. वसंतनं हात उचलला आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग आपली टिपणांची वही त्यावर ठेवली. "पाचवं प्रकरण मी नीट काढलंय," तो म्हणाला. "तुझं झालं की वही दे." वकिलाच्या मुलाला मी नाही म्हटलं आणि छप्पर कोसळलं नाही. उलट हातात एक वही जास्त आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी माझी चिठ्ठी मीच लिहिली. सुखरूनं ती तारेत टोचली नाही, खिशात घातली. पुस्तक आणायला तो गेला तो परत आला खेडकरसाहेबांना घेऊन. साहेबांच्या हातात यादी होती.

"तुमच्यानंतर कोण आहे?"

"कोणी नाही, साहेब."

"मग दोन दिवसांनी हे कोणासाठी परत करणार?"

मला प्रश्न कळायलाच वेळ लागला. यादीत माझ्या नावाखाली कोरा कागद होता. मी नऊ दिवसांतून दोन वजा करून उरलेल्या सातांसाठी रडत बसलो होतो, आणि शेवटच्या माणसामागे कोणी उभा नसतो एवढं साधं मला दिसलं नव्हतं. ते पुस्तक इमारतीबाहेर न्यायचा नियम नव्हता. साहेबांनी ते स्वतःच्या नावावर चढवलं, सही केली आणि म्हणाले की पेपराच्या दिवशी सकाळी आणून द्या, पाऊस लागू देऊ नका. चैत्राच्या तोंडावर पाऊस कुठला. पण सुखरूनं आपला धुतलेला पंचा काढून पुस्तक त्यात गुंडाळलं.

मी गावी गेलो. शहरात त्या टोकाच्या घरी मुलांच्या कलकलाटात वाचणं होत नव्हतं. मोठ्या लाइनीनं गोंदिया, तिथून छोट्या लाइनीनं सौंदड, आणि पुढे पायी. गाडीत सगळा वेळ पुस्तक मांडीवर. समोरच्या बाईनं विचारलं, "बेटा, रामायण है क्या?" मी म्हणालो, नाही, आपल्याच मुलखाचं आहे; आपण गरीब कसे झालो ते यात लिहिलंय. ती म्हणाली, "तो कोई लिखता भी है ये सब?"

त्या सात-आठ दिवसांत मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाचन केलं. माय उजाडायच्या आधी निघायची, मी तिच्याबरोबर. रानाच्या कडेला आमचे मोह, त्यांच्याखाली तिनं पाचोळा झाडून जमीन आरशासारखी केलेली. फुलं टपटप पडत असायची. उजेड पानावरची अक्षरं दिसण्याइतका झाला की मी बुंध्याला टेकून वाचायला बसायचो. फुलं पुस्तकावर पडायची, ती उचलून मी मायच्या टोपलीत टाकायचो. पाचवं प्रकरण, सातवं, अकरावं. विणकर, शेतसारा, रेल्वे, दुष्काळ. ज्या गोष्टी मी घरात जगलो होतो त्यांना नावं होती, कारणं होती, कोणीतरी बसून ती शोधली होती. उन्हं चढली की आम्ही घरी यायचो. अंगणात फुलं वाळत, आणि मी ओसरीवर वाचत.

एका दुपारी बा येऊन शेजारी बसला. त्यानं पंचा बाजूला करून लाल पाठीवरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतो तसा. पाळ्या कशा लावल्या ते मी त्याला सांगितलं. यादी, चिठ्ठ्या, आणि माझं नाव खाली लिहिलं तेही. तो ऐकत राहिला. मायही सुपातलं तसंच ठेवून ऐकत होती.

बानं विचारलं, "मंग तुले भेटलं ना?"

"हे काय, भेटलं. सगळ्यात जास्त दिवस मलेच भेटलं."

 माय सूप पुन्हा झटकायला लागली आणि बाकडे न पाहताच म्हणाली, "पोरगा बापावरच गेला. पन याची बांधी भिजली, येवढं बरं झालं." तिच्या आवाजात त्या जुन्या वर्षाचा राग नव्हता असं नाही, पण तो आता बसून बोलण्याइतका निवला होता. बा हसला. मी त्याला पाण्याच्या गोष्टीवरून हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पेपराच्या दिवशी सकाळी मी पुस्तक परत केलं. सुखरूनं पानं चाळली, एका पानातून वाळलेलं मोहफूल काढलं, वास घेतला आणि कानावर खोवलं. मी परीक्षेच्या खोलीत गेलो. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, आणि लिहायला लागलो. हात थांबला तो घंटेलाच.

मी आज शाळेत कधी कधी विचार करतो की त्या एका फाल्गुनात नेमकं काय बदललं. पुस्तक तेच होतं, खिडकी तीच होती, माणसंही तीच. कोणीतरी विचारलं आणि कोणीतरी खरं उत्तर दिलं, एवढंच झालं. विचारण्यापेक्षा उत्तर देणं अवघड असतं, कारण त्याखाली आपलं नाव लिहावं लागतं. आता लढाई संपली आहे, स्वराज्याच्या गोष्टी वर्तमानपत्रात रोज येतात. उद्या आपल्यालाही कोणी विचारणार आहे की तुमचं समाधान आहे काय. आमच्या मुलखातल्या पोरांनी तेव्हा हात बांधून चार पावलं मागे उभं राहू नये, एवढं मला वाटतं. आणि राहणार नाहीत अशी माझी आशा आहे, कारण मी त्यांना रोज पाहतो.

निकाल जूनमध्ये लागला. अकरा जणांपैकी दहा पास झाले, वसंत आणि पवनीचा तो मुलगा धरून. पुढच्या वर्षापासून एकाच प्रतीच्या पुस्तकांना परीक्षेच्या दोन महिने आधी पाळी लावायची, आणि ज्याच्या चिठ्ठ्या जास्त परत गेल्या त्याचं नाव आधी, असा नियम झाला आणि तो ग्रंथालयाच्या भिंतीवर लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो. आमच्या घरात सही करणारा मी पहिला, आणि आमच्या गावात पदवी घेणाराही मीच पहिला.